नदीकाठच्या इंग्लिश पबात मुक्काम: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय काय बघावं

सोमवारची दुपार, पावणेचार वाजलेले, बारीक पाऊस. दोन मोठ्या बॅगा, एक नवरा आणि मी, समोर तीनेकशे वर्षांचं दगडी घर आणि त्याचं कुलूप लावलेलं दार. इंग्लंडमधल्या पबातला माझा पहिला मुक्काम असा सुरू झाला. बुकिंग पक्कं होतं, पैसे भरले होते. दारावर पाटी होती की दुपारचं जेवण अडीचला संपतं आणि पब सहाला उघडतो. बुकिंगच्या ईमेलमध्येही ते लिहिलेलं होतं. आम्ही ईमेल उघडून फक्त पत्ता बघितला होता.

लेक रेडिंगला शिकत होती, त्या निमित्ताने नंतर पाच-सहा वेळा असे मुक्काम झाले. दर वेळी काहीतरी नवीन चुकलं. पुढचं सगळं त्या चुकांतून आलेलं आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की असली की अर्धा गोंधळ संपतो. हॉटेलात खोली मुख्य असते आणि जेवण तिच्या सोबतीला. पबात उलटं. खाली गावाची बसायची जागा आणि खानावळ, वर चार-सहा खोल्या. सगळं घर चालतं ते स्वयंपाकघराच्या घड्याळावर. रिसेप्शन नाही, रात्रपाळीचा माणूस नाही, रूम सर्व्हिस नाही.

१. आधी स्टेशन शोधा, मग पब

फोटो बघून पब निवडायचा आणि मग तिथे कसं जायचं ते बघायचं, असं करू नका. इंग्लंडच्या खेड्यात बस दिवसातून मोजक्या वेळा येते, रविवारी पुष्कळदा येतच नाही, आणि ॲपवर टॅक्सी दिसत नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर प्रश्न नाही. भारतीय परवान्यावर पाहुण्याला बारा महिने गाडी चालवता येते आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. पण खेड्यातले रस्ते दोन्ही बाजूंनी उंच कुंपणांचे आणि एका गाडीच्या रुंदीचे असतात. समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे जावं लागतं, आणि तो ट्रॅक्टर नसतो.

गाडी नसेल तर पहिल्या खेपेला थेम्सवरची गोरिंग आणि स्ट्रीटली ही जोडी मी सुचवेन. नदीच्या एका काठाला ऑक्सफर्डशायरमधलं गोरिंग, दुसऱ्या काठाला बर्कशायरमधलं स्ट्रीटली, मध्ये पूल आणि लॉक, म्हणजे होड्यांना खालच्या-वरच्या पाण्यात नेणारा दारांचा हौद. स्टेशन गोरिंगच्या बाजूला आहे, लंडनच्या पॅडिंग्टनहून थांबत येणारी गाडी साधारण तासाभरात पोचते, आणि स्टेशनवरून चालत पुलापलीकडे जाता येतं. दोन्ही गावांत पब आहेत. इंग्लिश चित्रकार टर्नरने इथली गिरणी आणि चर्च रंगवलं, ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

ऑक्सफर्डजवळचे दोन पब सगळ्यांच्या यादीत असतात, वुल्व्हरकोटचा द ट्राउट आणि बिन्सीचा द पर्च. दोन्ही सुंदर, दुपारच्या जेवणाला जरूर जा. पण ते जेवायचे पब आहेत, मुक्कामाचे नव्हेत. नाव मोठं म्हणून वर खोल्या असतीलच असं गृहीत धरू नका.

आणि पाटीवर ‘फ्री हाऊस’ लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. तिथे काहीही फुकट नसतं. तो पब कुठल्या एका मद्यकंपनीला बांधलेला नाही, हवी त्याच्याकडून बिअर घेतो, एवढाच त्याचा अर्थ.

२. तारीख ठरवताना

शनिवार टाळा. शनिवारी दर चढलेले असतात, पुष्कळ पब दोन रात्रींची सक्ती करतात, आणि खाली लग्नाची किंवा पन्नाशीची पार्टी असण्याची शक्यता फार. रविवारची दुपार पबाची सगळ्यात गजबजलेली वेळ, पण रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी बंद असतं. सोमवारी काही ठिकाणी सगळा पबच बंद. माझ्या मते मंगळवार ते गुरुवार, दोन रात्री, हे उत्तम.

मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार हे सुट्टीचे असतात. त्या तीन शनिवार-रविवारी खोली मिळत नाही किंवा परवडत नाही. जुलैच्या सुरुवातीला हेन्लीची नौकांची शर्यत असते, तेव्हा आसपासच्या थेम्सकाठचंही तेच. मात्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जमलं तर बघा: सनबरीपासून ॲबिंग्डनपर्यंत पाच दिवस राजाची माणसं लाल डगले घालून होड्यांतून हंसांची मोजणी करत वर जातात. गोरिंग त्या वाटेवर आहे.

हिवाळ्यात खोल्या स्वस्त, शेकोटी पेटलेली, पण अंधार चारलाच पडतो आणि थेम्सला पूर आला की नदीकाठची वाट पाण्याखाली जाते. जूनमध्ये उलट फसगत होते. सव्वानऊपर्यंत उजेड असतो, आपण काठावर बसून राहतो, आणि स्वयंपाकघराची शेवटची ऑर्डर नऊला होऊन गेलेली असते.

३. बुक करण्याआधी हे विचारा

संकेतस्थळावरून बुक करा, पण आधी एक फोन किंवा ईमेल कराच. पाच प्रश्न:

– खोली बारच्या वर आहे का? जुन्या घरांत फळ्यांची जमीन असते, खालचं हसणं वर शब्दाशब्दाने ऐकू येतं. मागच्या अंगणात तबेल्याच्या खोल्या केलेल्या असतात, झोपेसाठी त्या बऱ्या.
– नदी खोलीतून दिसते का? ‘नदीकाठचा’ म्हणजे बाग नदीला लागून असू शकते आणि तुमची खिडकी गाड्यांच्या तळावर उघडू शकते.
– जिना कसा आहे? लिफ्ट नसतेच, हे धरून चाला. आईवडील सोबत असतील तर तळमजल्याची खोली मागा, आणि शॉवर बाथटबमध्ये आहे का तेही विचारा. टबाची कड ओलांडणं गुडघेदुखीच्या माणसाला रोजची शिक्षा होते.
– आमच्या मुक्कामात कुठल्या वेळचं जेवण मिळणार नाही?
– खोलीचा ताबा किती वाजता, आणि उशीर झाला तर आत कसं यायचं?

शक्य असेल तर जेवणाचं टेबलही त्याच फोनवर राखून ठेवा. वर राहतो म्हणजे खाली जागा मिळेलच, असं नसतं. गुरुवारी संध्याकाळी आम्हाला आमच्याच पबात टेबल नव्हतं. त्या रात्री थेपले खाल्ले.

पैसे भरतानाचा एक फास आपल्यासाठी खास आहे. भारतीय कार्डाचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. इंग्लंडमध्ये पोचल्यावर बुक करायला बसलात आणि रोमिंग बंद असेल तर व्यवहार अडकतो. त्यामुळे निघण्याआधी बुक करा, कार्डावर परदेशी व्यवहार आणि स्पर्शाने पैसे देण्याची सोय, दोन्ही सुरू करून घ्या.

४. सोबत काय न्यावं

कागद फार लागत नाहीत:

– पासपोर्ट आणि व्हिसा
– बुकिंगचा ईमेल, फोनमध्ये उतरवून घेतलेला. दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जातं, आणि दाराचा कोड त्याच ईमेलमध्ये असतो.
– बुकिंगला वापरलेलं कार्ड
– मुलं वीस-बावीसची असली तर त्यांचा पासपोर्ट त्यांच्याच खिशात

शेवटच्या मुद्द्याचं कारण: दारू विकत घेण्याचं वय अठरा, पण पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या कुणालाही वयाचा पुरावा मागायची तिथे पद्धत आहे. माझ्या लेकीने आधार कार्ड पुढे केलं. बारवरच्या मुलाने ते कौतुकाने उलटसुलट बघितलं आणि परत दिलं.

पोचल्यावर नाव आणि राष्ट्रीयत्व लिहून घेतात. १९७२ पासूनचा नियम आहे, सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्यासाठी. पासपोर्टचा नंबर आणि पुढचा मुक्काम ही जादा माहिती राष्ट्रकुलाबाहेरच्या परदेशी पाहुण्यांना द्यावी लागते. भारत राष्ट्रकुलात असल्याने कायद्याने आपल्याला ती सक्ती नाही. तरी मागितला तर दाखवून मोकळं व्हा.

सामानात तीन चौकोनी पायांच्या प्लगचा ॲडॅप्टर, चिखलात चालतील असे बूट, उन्हाळ्यातही एक स्वेटर, आणि एक प्लास्टिकचा मग. मगाबद्दल पुढे येईलच. खाऊ न्या, पण तूप, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थ भारतातून इंग्लंडमध्ये नेता येत नाहीत. चिवडा, चकली, थेपले चालतात. मोठी बॅग लेकीकडे किंवा लंडनला ठेवून एक-दोन रात्रींची छोटी बॅग घेऊन या. तेवीस किलोची बॅग घेऊन गोल जिना चढताना माझ्या नवऱ्याचं डोकं तुळईला आपटलं, आणि खाली बसलेल्या तीन म्हाताऱ्यांनी मान वर न करता एका सुरात ‘सॉरी’ म्हटलं.

५. पोचणं आणि किल्ली

ताबा साधारण तीननंतर, पण पब दुपारी बंद असेल तर सहाला. सरळ बारवर जायचं आणि नाव सांगायचं. किल्ली तिथेच मिळते. त्याच वेळी तीन गोष्टी विचारून घ्या: रात्री कुठल्या दाराने यायचं, न्याहारी किती वाजता, वायफायचा पासवर्ड काय. पुढचं दार पब बंद झाला की लावतात आणि मग राहणाऱ्यांसाठी बाजूचं दार असतं, किल्लीचं किंवा कोडचं. रात्री बाराला बाहेर अडकलात तर उठवायला कोणी नसतं.

कुत्र्यांची भीती असेल तर मनाची तयारी ठेवा. शेकोटीपुढची सगळ्यात चांगली जागा कुत्र्याचीच असते.

६. बारवर

टेबलावर बसून वाट बघू नका. आम्ही पंचवीस मिनिटं बसलो होतो, कोणी आलं नाही, आणि मला तो अपमान वाटला. पद्धत अशी: टेबल निवडा, त्याचा नंबर बघा, बारवर जा, नंबर सांगून पेय आणि जेवण मागा. पैसे तिथेच द्या किंवा खोलीच्या नावावर लिहायला सांगा. काही ठिकाणी जेवणाच्या दालनात वाढपी येतात. शंका असेल तर ‘इथे ऑर्डर करायची का?’ एवढं विचारलं की पुरे.

बारपुढे रांग दिसत नाही, पण ती असते. तुमच्या आधी कोण आलं हे बारवाल्याला आणि तिथे उभ्या सगळ्यांना ठाऊक असतं. नोट हलवायची नाही, हाक मारायची नाही. चुकून तुम्हाला आधी विचारलं तर ‘हे माझ्या आधी होते’ म्हणा. त्या एका वाक्याने रात्रभर माणसं तुमच्याशी गप्पा मारतात, हा माझा अनुभव आहे.

न पिणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. मी स्वतः पीत नाही. पण नावं फसवी आहेत. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, ती दारू आहे. शँडीत अर्धी बिअर असते. लेमोनेड म्हणजे आपलं सरबत नाही, तो गोड सोडा. लाइम अँड सोडा मागा, स्वस्त आणि निर्धोक. नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तो परवान्याच्या अटींतला भाग आहे.

पिणाऱ्यांसाठी: पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, अर्धाही मिळतो आणि अर्धा मागण्यात काही कमीपणा नाही. हाताने ओढायच्या उंच दांड्याच्या पंपातून येते ती पिंपातली एल, बिअरचाच एक प्रकार. ती तळघराच्या गारव्यावर, अकरा ते तेरा अंशांवर देतात. बर्फासारखी गार नसते, म्हणून परत करू नका. गाडी चालवणार असाल तर आकडे गोंधळात पाडतील. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, इंग्लंडमध्ये ८०. सवलत समजू नका, अरुंद अंधाऱ्या रस्त्यांवर ती कामाला येत नाही.

बारवर बक्षिसी देत नाहीत. टेबलावर वाढलं असेल तर दहा टक्के ठेवतात. बिलात आधीच जोडलेले नाहीत ना, ते बघा.

७. जेवण, आणि शाकाहाऱ्यांचा खडतर भाग

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न मला यावरच येतात.

पहिली गोष्ट, इंग्लंडमधल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं धरलेलं असतं. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगा. ‘व्हीगन’ मागितलं तर अंडं जातं, पण दूध, चीज, लोणीही जातं. मांसासारखा दिसणारा क्वॉर्न नावाचा पदार्थ शाकाहारी म्हणून देतात, त्यात बहुतेक वेळा अंड्याचा पांढरा भाग असतो.

दुसरी, कायद्याने चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते, त्यामुळे प्रत्येक पबात तो तक्ता असतो. त्यात अंडं, दूध, मासे, शेंगदाणे सगळं मिळतं. पण त्या चौदांत गोमांस किंवा डुकराचं मांस नाही. बटाटे गाईच्या चरबीत भाजलेत का, हे तक्ता बघून कधीच कळणार नाही. तोंडाने विचारावं लागतं.

विचारायच्या जागा या: रविवारच्या रोस्टसोबतचे, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणातले, भाजलेले बटाटे (चरबी कसली?), ग्रेव्ही (मांसाच्या रसाची असते, शाकाहारी वेगळी मागा), सूप (भाज्यांचं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं), चिप्स (तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत मासे तळतात). वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि तो चीज टोस्टवरही शिंपडतात.

गोमांस न खाणाऱ्या मांसाहाऱ्यांसाठी: ‘पाय’ म्हणजे वरून बटाट्याचा किंवा पिठाचा थर देऊन भाजलेला पदार्थ. कॉटेज पाय गाईच्या मांसाचा, शेफर्ड्स पाय मेंढीचा. दिसायला जुळे भाऊ. ‘स्टेक अँड एल पाय’ गोमांसाचाच. ‘चिकन पाय’ किंवा फिश अँड चिप्स घ्या.

पुडिंग हा शब्द तर स्वतंत्र प्रकरण आहे. जेवणानंतरचं कुठलंही गोड म्हणजे पुडिंग. यॉर्कशायर पुडिंग गोड नाही, ते रोस्टबरोबर येणारं मैदा-अंड्याचं फुगीर काहीतरी. आणि न्याहारीतलं ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं. माझ्या नवऱ्याने ते चॉकलेटचं समजून पहिल्यांदा तेच उचललं होतं.

न्याहारी मात्र शाकाहाऱ्यांची चांगली होते. अंडी, टोमॅटो, अळंबी, बीन्स, टोस्ट, आणि मागितलं तर भाजीचं सॉसेज. रात्रीच सांगून ठेवा. खजुराचं स्टिकी टॉफी पुडिंग मिळालं तर सोडू नका. तोच एक पदार्थ मी घरी करून बघितला आहे.

८. न्हाणीघर

यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. इंग्लिश न्हाणीघराला मोरी नसते. जमिनीवर पाणी पडलं तर ते जायला वाट नाही, काही जुन्या घरांत तर आत गालिचा असतो. दुसऱ्या खेपेला मी आपल्या सवयीने टबाबाहेर बसून मगाने अंघोळ केली. दहा मिनिटांत दारावर टकटक. खाली बारच्या छतातून, बिअरच्या पंपाशेजारी, पाणी ठिबकत होतं. मालकीणबाई अतिशय नम्रपणे बोलल्या आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तर प्लास्टिकचा मग आणा, पण वापरा टबाच्या आत, पडदा टबाच्या आतल्या बाजूला घेऊन. संडासात जेट नसतो, तिथेही मग लागतो, मात्र फरशी कोरडी राहील असा. गरम आणि गार नळ पुष्कळदा वेगळे असतात. गरम नळाखाली हात धरू नका, बेसिनमध्ये दोन्ही मिसळा. दिव्याचं बटण सापडलं नाही तर छतापासून लोंबणारी दोरी ओढा. मोबाइल चार्ज करायला न्हाणीघरात सॉकेट नसतं, दिसतं ते फक्त दाढीच्या यंत्रासाठी.

खोलीत किटली, चहाच्या पिशव्या आणि दुधाच्या इवल्याशा कुप्या असतात. किटलीत दूध उकळू नका, मॅगी तर नाहीच. उदबत्तीने धुराची घंटा वाजते.

९. नदीकडे

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघा. थेम्सच्या उगमापासून लंडनपर्यंत नदीकाठाने चालत जायची अधिकृत वाट आहे, १९९६ साली ती खुली झाली. गोरिंगहून प्रवाहाच्या दिशेने पँगबोर्नपर्यंत साधारण सहा-साडेसहा किलोमीटर. वाटेत इंजिनियर ब्रुनेलने बांधलेला विटांचा रेल्वे पूल, मग हार्ट्सलॉकची झाडी आणि चढ, शेवटी व्हिटचर्चचा पूल. त्या पुलावर गाड्यांना टोल आहे, चालणाऱ्यांना नाही. पलीकडे पँगबोर्नचं स्टेशन, तिथून गोरिंग एकच थांबा. चढ नको असेल तर गोरिंगच्या लॉकपाशी बाक आहेत. लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत अशी ४४ लॉकं आहेत, आणि होडी खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात कशी चढते हे एकदा नीट बसून बघण्यासारखं आहे. लॉकवर लाल फलक दिसला तर प्रवाह जोरात आहे, काठाशी मुलांना सोडू नका.

वाट शेतांतून जाते. फाटकं जशी होती तशीच सोडायची, आपण उघडलेलं परत लावायचं. गाई असतील तर लांबून जा, वासरं असतील तर आणखी लांबून. पांढरे पँट घालू नका.

रविवारी रेल्वेचं काम चालू असलं तर गाडीऐवजी बस लावतात आणि तिला दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे निघण्याआधी परतीची गाडी बघून ठेवा. पँगबोर्नला चारपर्यंत पोचलात तर परत येऊन, बूट दाराबाहेर काढून, चहा घेऊन, सहाला खाली टेबलावर बसता येतं. आणि बूट काढाच, आतला गालिचा फिक्या रंगाचा असतो.